टायरला आलेला फुगा

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

फोटो मोठा करून पाहिला. पुढच्या डाव्या टायरच्या बाजूला लिंबाएवढा फुगा आलाय आणि तू विचारतेस, महिनाभर निघेल का? एक दिवसही नको. चाक खड्ड्यात आपटलं की टायर रिमची कड आणि खड्ड्याचा काठ यांच्यात चेपला जातो. त्यात आतले दोरे तुटतात, मग हवा पेलायला नुसतं रबर उरतं आणि तेच फुगतं. पंक्चर निघतं ते रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं. बाजूला पॅच लावून देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नकोस.

आजच स्टेपनी बसव, पण आधी तिच्यात हवा आहे का बघ. ती नेमकी गरजेच्या वेळी बसलेली असते. तुझी स्टेपनी अरुंद, कामचलाऊ असेल, तर तिच्यावर लिहिलेला वेग पाळायचा. बहुतेकींवर ताशी 80 किलोमीटर असतो.

गाडी सपाट, टणक जागी घे. हँडब्रेक ओढ, पहिला गिअर टाक, मागच्या उजव्या चाकाला पुढून-मागून दगड लाव. नट मात्र चाक जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल कर. गाडी उचलल्यावर पान्याला जोर लावलास तर ती जॅकवरून घसरू शकते. जॅक दाराखालच्या खाचेतच लाव आणि सुटं झालेलं चाक जॅकजवळ गाडीखाली आडवं सारून ठेव. जॅक सुटलाच तर गाडी त्याच्यावर बसेल. काही झालं तरी तू खाली शिरायचं नाही.

नट लावताना मला सगळ्यात जास्त धास्ती वाटते. निमुळती बाजू चाकाकडे हवी. आधी सगळे नट हाताने फिरवून घे, मग समोरासमोरचे आळीपाळीने आवळ, म्हणजे चाक तिरकं बसत नाही. तेल-ग्रीस अजिबात नको, त्याने नट गरजेपेक्षा जास्त आवळला जातो. शेवटचं आवळणं गाडी खाली उतरवल्यावर. पान्यावर उभं राहून जोर काढणारे शूरवीर असतात, तसं करू नकोस, आट्या जातात. गॅरेजवालाही हवेच्या गनने कडकडा आवळून मोकळा होतो. त्याला टॉर्क पाना, म्हणजे ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, घ्यायला सांग, किती जोराने आवळायचं तो आकडा गाडीच्या पुस्तकात आहे. 50 ते 100 किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासायचे.

आता रिम. ती बाहेरून ठीक दिसते, पण मार बहुधा आतल्या कडेला बसतो. टायर उतरवून नुसती रिम बॅलन्सिंगच्या मशीनवर फिरवायला लाव, डुगडुगली तर बाक आलाय. रिम अलॉयची, म्हणजे मिश्रधातूची, असेल आणि तिला तडा असेल तर वेल्डिंग नको, रिमच बदल. अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ रेषेत आहेत का, तेही तपासून घेच.

दुसऱ्या बाजूचा टायर बराच झिजलाय, तेव्हा जोडी घे. नवे दोन्ही मागे बसव, मागचे पुढे आण. पावसात मागची चाकं घसरली तर गाडी गिरकी घेते आणि सावरत नाही. टायरवर डीओटी (DOT) अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी तो कधी बनला ते सांगणारे चार आकडे असतात: 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. पैसे देण्याआधी दोन्ही टायरच्या त्या आकड्यांचे फोटो मला पाठव.

तुझे,
बाबा