निलंबनाशी चौकशी थांबवू नका : परिवहनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय परिवहनमंत्री यांस,
सादर नमस्कार.

मोठा अपघात झाला की 'प्राथमिक चौकशीत मानवी चूक आढळली' असे जाहीर होते, खालच्या हुद्द्यावरचा कोणीतरी निलंबित होतो आणि प्रकरण मिटते. ही रीत आपल्या खात्याने मोडावी, एवढ्यासाठी हे पत्र.

६ मार्च १९८७ रोजी बेल्जियमच्या झेब्रुगे बंदरातून निघालेली 'हेरल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज' ही फेरीबोट काही मिनिटांतच उलटली. १९३ जणांचा जीव गेला. वाहने आत घेण्याचे पुढचे दरवाजे उघडेच होते आणि ते लावण्याचे काम ज्याच्याकडे होते तो खलाशी केबिनमध्ये झोपला होता. चौकशी इथेच संपवणे सोपे होते. ब्रिटनमधील अधिकृत चौकशीचे प्रमुख न्यायमूर्ती शीन यांनी ती कंपनीच्या संचालकांपर्यंत नेली. दरवाजे लागले का, हे पाहायच्या अधिकाऱ्याला त्याच वेळी ब्रिजवरही, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षातही, हजर राहायचे होते. ब्रिजवरून कप्तानाला दरवाजे दिसत नव्हते. कोणी अडचण कळवली नाही म्हणजे सगळे ठीक, असे धरून जहाज सोडले जाई. दरवाज्यांची स्थिती दाखवणारे दिवे कंपनीच्याच कप्तानांनी मागितले होते आणि व्यवस्थापनाने ती मागणी उडवून लावली होती. सर्वांत अस्वस्थ करते ते वेगळेच. १९८३ मध्ये याच कंपनीचे दुसरे जहाज असेच उघड्या दरवाज्यांनी निघाले होते. तेव्हा कोणी दगावले नाही, म्हणून कोणी काही शिकलेही नाही.

त्या खलाशाला हाकलून काय बदलले असते? त्याच्या जागी आलेला माणूस त्याच घाईत, त्याच पद्धतीने काम करत राहिला असता.

असे थर उलगडण्याची शिस्तबद्ध पद्धत आज उपलब्ध आहे. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांच्या मांडणीवरून शॅपेल आणि विगमन या अमेरिकी संशोधकांनी ती अमेरिकी नौदलाच्या विमान अपघातांसाठी बांधली. प्रत्यक्ष चूक, ती घडायला पोषक परिस्थिती, देखरेख आणि शेवटी संस्थेचे निर्णय, अशा चार पातळ्यांवर ती शोध घेते. मंत्रिमहोदय, चौथ्या पातळीवर रिक्त पदे, निधी आणि वेळापत्रके येतात, म्हणजे आपली सहीही येते. बहुधा म्हणूनच चौकशा पहिल्या पातळीवर अडतात.

नशेत किंवा जाणूनबुजून जीव धोक्यात घालणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. ज्यांचे माणूस गेले त्यांचा तो हक्क आहे. पण ती चौकशी वेगळी ठेवा. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या नियमांत अपघात तपासाचा हेतू दोष ठरवणे हा नाहीच, पुढचा अपघात टाळणे हा आहे. थोडक्यात टळलेल्या घटना कर्मचाऱ्यांना निर्धास्तपणे कळवता याव्यात, यासाठी अमेरिकेत १९७६ पासून नासा गोपनीय यंत्रणा चालवते. ते काम मुद्दाम हवाई नियामकाकडे ठेवलेले नाही, कारण परवाना काढून घेऊ शकणाऱ्याला आपली चूक कोण सांगेल?

आपल्या खात्यातही अशी स्वतंत्र यंत्रणा उभारा. चारही पातळ्यांचे अहवाल प्रसिद्ध करा. आणि कोणती शिफारस कोणी, कोणत्या कारणाने नाकारली, हे त्या अधिकाऱ्याच्या हुद्द्यासह दरवर्षी सभागृहापुढे ठेवा.

आपला,
एक नागरिक