आंबील ओढा: आधी मोऱ्या मोजा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पावसाळा तोंडावर आला की पुण्यातल्या आंबील ओढ्याच्या सीमाभिंतींची चर्चा सुरू होते. भिंत किती उंच, कोणत्या काठाला, निधी कधी, एवढ्यावरच ती संपते. पाणी अडते कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही.

जुने पुणे दोन ओढ्यांच्या मध्ये वसले. पूर्वेला नागझरी, पश्चिमेला आंबील ओढा. कात्रजच्या डोंगरात उगम पावणारा हा ओढा पूर्वी पर्वतीच्या पायथ्याकडून आजच्या बाजीराव रस्त्याच्या अंगाने उतरून शनिवारवाड्याच्या बाजूला मुठा नदीला मिळे. अठराव्या शतकाच्या मध्यावर नानासाहेब पेशव्यांनी तो पश्चिमेकडे वळवला. म्हणून तो आता दांडेकर पुलाखालून वैकुंठ स्मशानभूमीच्या बाजूने नदीत जातो. पर्वतीखाली तळे झाले, त्यातल्या बेटावर १७८४ मध्ये गणपतीची स्थापना झाली. तळे पुढे आटवले गेले आणि तिथे सारसबाग फुलली, पण लोक अजून 'तळ्यातला गणपती'च म्हणतात.

वरच्या अंगाला कात्रजचे दोन तलाव. वरच्यात गाळ बसतो, खालच्यात त्या मानाने निवळ पाणी येते. तिथून दगडी नळातून शहरातल्या हौदांना पाणी मिळे. नळ माणूस चालत जाईल एवढा उंच, वाटेत ठिकठिकाणी उच्छ्वास, म्हणजे हवा खेळती ठेवणारे झरोके. पाणी साठवणे, गाळ थोपवणे आणि जादा पाणी ओढ्याला सोडणे ही कामे एकाच रचनेत बसवलेली होती. आज तलावांची शोभा पाहणारे पुष्कळ, गाळ मोजणारे थोडे.

आता हिशेब पाहा. तासाला ५० मिलिमीटर पाऊस एक चौरस किलोमीटरवर पडला आणि सगळा वाहून आला, तर सेकंदाला सुमारे १४ हजार लिटर पाणी होते. सिमेंट काँक्रीट झालेल्या उपनगरात 'सगळा' हा शब्द फारसा चुकत नाही. ९०० मिलिमीटर व्यासाच्या पाइपातून सेकंदाला दोन मीटर वेगाने पाणी धावले, तरी जाते सव्वा हजार लिटर. रस्त्याखालून ओढा नेणाऱ्या तीन पाइपांच्या मोरीचे झाले पावणेचार हजार. उरलेले रस्त्यावरून जाणार, दुसरीकडे कुठे जाणार? ओढ्याचे पाणलोट क्षेत्र तर एका चौरस किलोमीटरहून कितीतरी मोठे.

यात गाळ धरलेला नाही. रुंद, उथळ पात्रात पाण्याची खोली निम्म्यावर आली, तर वाहून नेण्याची क्षमता निम्मी होत नाही, जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर येते. त्यात मोरीच्या तोंडावर आडवी गेलेली जलवाहिनी, पात्रातच उभे केलेले ड्रेनेजचे चेंबर आणि त्यांना अडकलेली गादी, थर्माकोल, झाडाचा बुंधा. एवढे जमले की वरच्या बाजूला पाण्याची पातळी मिनिटांत चढते. मेमध्ये जेसीबीने काढलेला गाळ काठावरच रचून ठेवला जातो आणि जूनच्या पहिल्या सरींत पुन्हा पात्रात येतो. त्या कामाचे बिल कशाचे निघते, हे विचारायलाच हवे.

भिंतींचेही तसेच. एकाच काठाला भिंत बांधली की प्रवाह समोरच्या काठावर आदळतो. भिंतीत निचऱ्याची भोके नसतील तर मागे तुंबलेले पाणी तिला ढकलते आणि ती ओढ्याकडे कलते. भोके ठेवली आणि त्यांच्या मागे खडीचा थर दिला नाही, तर ती मातीने बुजतात. सोसायट्यांचे पावसाळी पाणी ओढ्यात सोडायला झडपेचे तोंड ठेवले नाही, तर पुराचे पाणी त्याच पाइपातून उलटे आवारात शिरते.

२७ सप्टेंबर २०१८ रोजी मुठा उजवा कालवा जनता वसाहतीजवळ फुटला आणि दांडेकर पुलाची वस्ती पाण्यात गेली. जवळपास वर्षाने, २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री, ओढाच कोपला. अरण्येश्वरजवळ टांगेवाले कॉलनीत भिंत कोसळून माणसे गेली. पुढे उपाय झाले, पण तुकड्यातुकड्यांनी. वरची मोरी रुंद केली आणि खालची तशीच ठेवली, तर तुंबण्याची जागा फक्त खाली सरकते. म्हणून काम मुठेच्या तोंडापासून सुरू करून वर कात्रजकडे न्यायला हवे.

महापालिकेने कात्रज ते वैकुंठ प्रत्येक पूल आणि मोरीला क्रमांक द्यावा. उघड्या तोंडाची रुंदी-उंची, तळाची पातळी आणि आडव्या वाहिन्या यांचा तक्ता ३१ मेपूर्वी जाहीर करावा. प्रत्येक पुलाच्या खांबावर रंगीत मोजपट्टी आखावी. कात्रजच्या खालच्या तलावाच्या सांडव्यावर पातळी मोजणारे यंत्र बसवून त्याचा भोंगा पद्मावती, अरण्येश्वर आणि दांडेकर पुलाच्या वस्त्यांपर्यंत ऐकू जाईल अशी सोय करावी. सीमाभिंतीच्या निविदांच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे.

– एक स्थापत्य अभियंता, सहकारनगर, पुणे