प्रवाहांच्या सिम्युलेशनमध्ये पडताळा आधी शिकवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रवेशाचे दिवस आले की करिअर पुरवण्यांतून ‘सीएफडी’चे, म्हणजे संगणकावर द्रव-वायूंचे प्रवाह सोडवण्याच्या शास्त्राचे, नाव हमखास येते. सहा महिने सॉफ्टवेअर शिका, संगणकावर पाण्याचे आणि हवेचे प्रवाह सोडवा, नोकरी तयार आहे, असा एकंदर सूर असतो. ज्यांना या विषयात संशोधन करायचे आहे, त्या बी.एस्सी., एम.एस्सी.च्या मुलांची यातून दिशाभूल होते. टर्ब्युलन्सचे, म्हणजे भोवऱ्यांनी भरलेल्या अस्ताव्यस्त प्रवाहाचे, सिम्युलेशन हे मुळात पदार्थविज्ञान आहे, आणि आलेले उत्तर खरे की खोटे हे ठरवण्यातच त्यातला बराचसा काळ जातो. म्हणून थोडे तपशिलात लिहीत आहोत.

अडचण कुठे आहे, ते सांगलीकराला कृष्णेवरच्या आयर्विन पुलावर उभे राहून दिसते. पुराचे पाणी खांबावर आदळते, मागे मोठा भोवरा सुटतो, तो फुटून लहान भोवरे होतात, ते फुटून आणखी लहान. खोली १० मीटर आणि वेग सेकंदाला २ मीटर धरला तर रेनॉल्ड्स अंक (वेग गुणिले खोली भागिले पाण्याची व्हिस्कॉसिटी, म्हणजे चिकटपणा) दोन कोटी येतो. ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८३ मध्ये काचेच्या नळीत रंग सोडून जो प्रयोग केला, त्या प्रकारच्या नळीत साधारण दोन हजारांच्या पुढे रंगाची सरळ धार टिकेनाशी होते. नदी त्याच्या दहा हजार पट पुढे आहे. कोल्मोगोरोव्ह यांच्या १९४१ च्या सिद्धान्तानुसार अशा प्रवाहातला सर्वांत लहान भोवरा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास किंवा त्याहूनही बारीक असतो. तो पकडायचा तर मेशचे (गणितासाठी प्रवाहावर टाकलेल्या जाळीचे) बिंदू रेनॉल्ड्स अंकाच्या सव्वादोनाव्या घाताइतके लागतात. म्हणजे एकावर सोळा शून्ये, आणि त्याच्या अडीच पट. एवढे ओझे आजचा कोणताही संगणक पेलत नाही.

म्हणून संशोधक लहान प्रवाह घेतात, पण तो पूर्ण सोडवतात. १९७२ मध्ये ऑर्झॅग आणि पॅटरसन यांनी ३२ गुणिले ३२ गुणिले ३२ बिंदूंवर सुरुवात केली. १९८७ मध्ये किम, मोईन आणि मोझर यांनी दोन समांतर भिंतींमधला प्रवाह जवळपास ४० लाख बिंदूंवर सोडवला, आजही नवा कोड त्याच्याशी ताडून पाहतात. २००२ मध्ये जपानच्या ‘अर्थ सिम्युलेटर’ या महासंगणकावर प्रत्येक बाजूस ४०९६ बिंदू घेतले गेले. मोठी यंत्रे नसली तर काय, असे मुले विचारतात. प्रत्येक बाजूस १२८ घेतले तर बिंदू २१ लाख होतात, वेग, दाब अशा एका राशीला १७ एमबी मेमरी लागते. वीस राशी साठवल्या तरी ३४० एमबी. घरच्या साध्या लॅपटॉपवर हे बसते, आणि लिनक्स, फोरट्रान, प्रवाह सोडवणारे ओपनफोम हे सॉफ्टवेअर, सगळे फुकट मिळते.

खरी चूक दुसरीकडेच होते. पदवीच्या प्रकल्पांत रन ‘फुटू’ नये, म्हणजे आकडे अनावर वाढून गणित कोसळू नये, म्हणून पहिल्या दर्जाची अपविंड पद्धत (प्रवाह जिकडून येतो त्या बाजूचाच आकडा घेणारी) निवडली जाते. ती स्वतःची खोटी व्हिस्कॉसिटी मिसळते, जवळपास वेग गुणिले मेशचे अंतर भागिले दोन. वेग सेकंदाला १ मीटर आणि अंतर १० सेंटिमीटर असेल, तर ही खोटी व्हिस्कॉसिटी पाण्याच्या ५० हजार पट होते. संगणक कृष्णेचे पाणी सोडवतच नाही, काकवीहून घट्ट काहीतरी सोडवतो. भोवरे विरून जातात, रेषा गुळगुळीत येतात, रंगीत चित्र देखणे दिसते आणि परीक्षक खूश होतात!

भिंतीजवळ तर फारच जपावे लागते. पाणी २ मीटर वेगाने जात असेल तर भिंतीवरचा घर्षणवेग (भिंतीवरच्या घर्षणाचा ताण वेगाच्या रूपात मांडलेला) साधारण सेकंदाला १० सेंटिमीटर येतो. भिंतीपर्यंत सोडवायचे असेल तर मेशचा पहिला बिंदू भिंतीपासून ०.०१ मिलिमीटरवर हवा. वॉल फंक्शन, म्हणजे भिंतीलगतचा वेग न सोडवता तयार सूत्राने धरणे, वापरायचे तर ०.३ मिलिमीटरच्या पुढे हवा. मधल्या पट्ट्यात, विशेषतः ०.०५ पासून ०.३ पर्यंत, दोन्ही पद्धती चुकतात, आणि नवख्याचा बिंदू नेमका तिथेच पडतो. सॉफ्टवेअर काही तक्रार करत नाही.

केव्हा थांबायचे, हाही प्रश्न आहेच. समांतर भिंतींच्या प्रवाहात घर्षणाचा ताण आणि भोवऱ्यांमुळे येणारा ताण यांची बेरीज एका भिंतीपासून दुसरीपर्यंत सरळ रेषेत यावी लागते. रेषा वाकडी आली तर प्रवाह अजून स्थिरावलेला नाही किंवा सरासरी अपुरी आहे, रन पुढे चालवावा. तोच कोड चार प्रोसेसरऐवजी आठांवर चालवला की बेरजेचा क्रम बदलून क्षणाक्षणाचे आकडे वेगळे निघतात, त्याने घाबरू नये. सरासऱ्या मात्र जुळल्याच पाहिजेत.

याचा सांगलीच्या पुराशी संबंध आहे. पुराच्या नेहमीच्या मॉडेलमध्ये भोवरे सोडवलेले नसतात. त्यांचा, उसाच्या फडाचा आणि झुडपांचा सगळा अडथळा मॅनिंगच्या एका आकड्यात (नदीचा खडबडीतपणा सांगणाऱ्या) कोंबलेला असतो. रुंद नदीत विसर्ग आणि उतार तोच ठेवून हा आकडा २० टक्क्यांनी वाढवला, तर खोली साडेअकरा टक्क्यांनी वाढते. १० मीटर खोलीला हे पावणेचार फूट झाले. आयर्विन पुलावर इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, म्हणजे मधले अंतरच पाच फुटांचे. तेव्हा मॉडेलच्या अंदाजाची बातमी छापताना हा आकडा किती धरला आणि तो कोणत्या वर्षाच्या पुराशी जुळवून पाहिला, एवढे आपल्या वार्ताहरांनी विचारावे, ही कळकळीची विनंती.

महाविद्यालयांनाही एक सांगणे आहे. तीन मेशचा तक्ता, म्हणजे तोच प्रवाह तीन वेगवेगळ्या बारकाईच्या मेशवर सोडवून ताडलेली उत्तरे, जोडलेला नसेल तर प्रकल्प अहवाल परत करावा. तीन मितींत अंतर निम्मे केले की बिंदू आठपट, टाइमस्टेप (गणित वेळेच्या ज्या टप्प्याने पुढे सरकते तो) निम्मी, काम सोळापट होते. मुले टाळतात ती याच कारणाने, पण दोन मितींत हे काम आठपटच वाढते, तेवढे जमण्यासारखे आहे. आणि आपल्या पुरवणीने पुढच्या खेपेस पहिला सराव म्हणून गोल खांबामागचा प्रवाह द्यावा. रेनॉल्ड्स अंक १००, दोन मिती. भोवरे सुटण्याची वारंवारता गुणिले खांबाचा व्यास भागिले वेग हे ०.१६५ च्या जवळ यायला हवे. जास्त आले तर आधी बाजूच्या भिंती खांबाला फार जवळ घेतल्या नाहीत ना, ते पाहावे.

आपले,
पदार्थविज्ञान आणि अभियांत्रिकीचे काही अध्यापक, सांगली