यंदाचा वाडा कुठे?

रॉचेस्टर, मिनेसोटा
नोव्हेंबर २०२२

प्रिय सुमन,

दिवाळीतला आपला फोन अर्धवटच राहिला. माझी चिवड्याची कढई गॅसवर होती आणि तू नेमकं तेव्हाच विचारलंस, "अगं, एवढा मोठा देश तुमचा, हिवाळाभर गाडी नेऊन उन्हाला बसायची जागा काय निवडावी लागते होय?" मी हसले, "लिहिते सविस्तर" म्हणाले आणि फोन ठेवला. आता इथली झाडं बोडकी झालीत, चार वाजताच उन्हाचा रंग उतरतो. हे बाहेर गाडीच्या पाइपांमध्ये पाणी गोठू नये म्हणून गुलाबी अँटीफ्रीझ भरतायत आणि मी टेबलावर नकाशा पसरून बसलेय. तर घे, सविस्तर.

आधी गाडीचं सांगते. गेल्या वेळी तू वन्संना "ती बसमध्ये राहते" असं सांगितलंस म्हणे! आमची आरव्ही म्हणजे ट्रकच्या सांगाड्यावर चढवलेली वन रूम किचन आहे. अठ्ठावीस फूट लांब. तीन शेगड्या, फ्रीज, पलंग, आणि आत शिरल्यावर कोपर आपटतंच अशी न्हाणी. खाली तीन टाक्या: एक चांगल्या पाण्याची, एक भांड्या-आंघोळीच्या सांडपाण्याची आणि तिसरी कशाची ते तुला कळलं असेल. लिटरला पावणेचार किलोमीटरच्या वर ती जात नाही, म्हणून डिझेल-पेट्रोलचं माझ्यापुढे काढू नकोस.

आणि जायचं का, तर जानेवारीत इथे पारा उणे पंचवीसपर्यंत उतरतो. नोकरी होती तोवर सोसलं. यांना निवृत्त होऊन वर्ष झालं, त्या हिवाळ्यात हे अंगणातल्या बर्फावर घसरून पडले. तेव्हा ठरवलं की नोव्हेंबरात निघायचं आणि एप्रिलमध्ये परतायचं. आमच्यासारखे हजारो म्हातारे हेच करतात. त्यांना इथे 'स्नोबर्ड' म्हणतात. मला मात्र दर वेळी तुमच्या मळ्यात बसणारे धनगर आठवतात. आठवतंय ना? दिवाळी झाली की कोकणाकडे निघालेला त्यांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसकट अख्खा तांडा, दोन रात्री तुमच्या उसाच्या खोडव्याशेजारी उतरायचा. घोड्याच्या पाठीवर सगळा संसार, आणि सगळ्यांत वर टोपलीतली कोंबडी, राणीसारखी मान काढून. तुझे दादा लेंडीखतासाठी रानात मेंढ्या बसवायचे ज्वारी देऊन. आपण दोघी बांधावर बसून बघायचो की ती म्हातारी चूल कुठे मांडते. ती आधी वारा बघायची, मग उतार, मग पाणी किती लांब ते. मला त्या वेळी वाटायचं, एवढं काय त्यात!

पहिल्या वर्षी आम्ही वारा, उतार काही बघितलं नाही. फक्त नकाशा बघितला. दक्षिण म्हणजे गरम, एवढंच शहाणपण. न्यू मेक्सिकोत अगदी मेक्सिकोच्या सीमेजवळ डेमिंग म्हणून गाव आहे, तिथे जाऊन थांबलो. दुपारी छान ऊन, मी दोरीवर कपडे वाळत घातले, यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या. पहाटे उठून चहाला नळ सोडला तर नळातून नुसता सुस्कारा. बाहेरच्या नळाला जोडलेली रबरी नळी काठीसारखी कडक झालेली, आणि पाणी गाळायच्या फिल्टरची प्लास्टिकची बाटली उभी चिरलेली. हे गुडघ्यावर बसून केसांच्या ड्रायरने नळी शेकत होते आणि मी आतून फोनवर गावाची उंची शोधत होते. ४,३०० फूट! म्हणजे आपल्या महाबळेश्वराच्या जवळपास. जानेवारीत वेण्णा तलावाकाठी दव गोठतं तेव्हा आपण बातमी वाचतो, आणि मी मात्र त्याच उंचीवर, किती तरी उत्तरेला, सुती साडी घेऊन गेलेली.

तेव्हापासून आमच्या घरात एक नियम आहे: अक्षांश नंतर, उंची आधी. दर हजार फुटांना साधारण दोन अंश सेल्सियस उतरतात. एकट्या ॲरिझोनात बघ. फ्लॅगस्टाफ ७,००० फुटांवर, तिथे लोक बर्फावर घसरायला जातात. टूसॉन सुमारे २,४०० फूट, फिनिक्स ११०० च्या आसपास आणि यूमा जेमतेम दीडशे. एकाच राज्यात, एकाच दिवशी, एकीकडे फावडं आणि दुसरीकडे पंखा. आणि दिवसाचा आकडा कुणी सांगितला तर मी ऐकत नाही, रात्रीचा विचारते. वाळवंटात हवा कोरडी, आभाळ मोकळं. सूर्य गेला की जमिनीतली ऊब भराभर वर निघून जाते. दुपारी एकवीस असेल तिथे पहाटे पाच-सहा ठरलेलं.

दुसऱ्या वर्षी फ्लोरिडा. तिथे उंचीचा प्रश्नच नाही, सगळं सपाट. पण फ्लोरिडाही अर्धाच गरम. उत्तरेकडे चक्क दहिवर पडतं, खरी ऊब हवी तर पार खाली जावं लागतं. आणि खाली जागा मिळेल तर शपथ. सरकारी उद्यानांमधल्या समुद्राकाठच्या जागा तेव्हा अकरा महिने आधी उघडायच्या आणि बघता बघता संपायच्या. गणपतीतल्या कोकण रेल्वेच्या तिकिटाची आठवण आली. शेवटी एका खासगी जागेत महिनाभर राहिलो, शेजारच्या गाडीतल्या बाईची जांभई ऐकू येईल इतकं जवळ. त्यात दमट हवा. आम्ही दोघं श्वास घेतो, भात शिजतो, त्याची सगळी वाफ रात्री थंड काचेवर बसते आणि सकाळी उशाशी ओघळते. कपाटाच्या मागे बुरशी धरली. तू पाठवलेले उडदाचे पापड असे लवले की घडी घालून ठेवावेत. लोकांना फ्लोरिडा आवडतं, आवडो बापडं.

टेक्ससचं खालचं टोक, रिओ ग्रँड नदीचं खोरं, हेही खूप लोक सुचवतात. तिथे आलेल्यांना 'विंटर टेक्सन' असं प्रेमाचं नावच आहे. आरव्ही लावायची मोठमोठी पार्कं, सकाळी कवायत, संध्याकाळी नाच, दारात ग्रेपफ्रूटची झाडं, बागेत 'ग्रीन जे' नावाचे हिरवे-निळे पक्षी. खरं सांगू, मला मनातून तेच हवं होतं, माणसं असतात म्हणून. पण फेब्रुवारी २०२१ मध्ये टेक्ससभर थंडीची जी लाट आली, लाखो घरांची वीज गेली, तेव्हा आमची एक ओळखीची जोडी तिथेच होती. चार दिवस गाडीत गोधड्या पांघरून बसले. तसं वारंवार होत नाही म्हणा. तरी यांनी त्या पानावर फुली मारली ती मारलीच. कॅलिफोर्नियाचं नावही यांच्यासमोर काढायचं नाही, पेट्रोलच्या भावावरून. (गंमत पुढे सांगते.)

मग सापडलं क्वार्ट्झसाइट. ॲरिझोनाच्या पश्चिम कडेला, हजार फुटांहून थोडं खालीच. वस्ती अडीच हजाराच्या आत, पण जानेवारीत गावाभोवतीच्या माळावर नजर पोचेल तिथवर पांढऱ्या गाड्या. माळ केंद्र सरकारचा आहे. १९८३ पासून त्यांनी यातल्या काही जागा हिवाळ्यात लांब मुक्कामाला येणाऱ्यांसाठी राखून ठेवल्यात. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, सात महिन्यांचे मिळून १८० डॉलर! आपले पंधरा हजार रुपयेसुद्धा नाहीत. चौदाच दिवस राहायचं तर ४०. गावाच्या दक्षिणेला ला पोसा म्हणून असा मोठा माळ आहे, तिथे पाणी भरायला नळ, कचऱ्याची सोय आणि टाक्या रिकाम्या करायची जागा असं मोजकंच मिळतं. वीज नाही, नळाचं कनेक्शन नाही, आखलेली जागासुद्धा नाही. आवडेल तिथे गाडी लावा.

आणि तिथे मला ती म्हातारी धनगरीण आठवली, कारण 'आवडेल तिथे' म्हटलं की खरी परीक्षा. ओढ्याच्या कोरड्या पात्रात वाळू मऊ आणि झाडांची सावली, म्हणून नवे लोक तिथेच शिरतात. वर्षाला चार इंच पाऊस पडतो, पण पडतो तेव्हा तो त्याच पात्रातून येतो. फ्रीजची बाजू उत्तरेला ठेवायची, म्हणजे तिच्यावर ऊन येत नाही. मोठी खिडकी दक्षिणेला, म्हणजे सूर्य दिवसभर घरात बसतो. छपरावरचे सौर पॅनेल कललेले हवेत, कारण हिवाळ्यात सूर्य खालून जातो. आणि गाडी सपाट उभी नसेल तर आमचा गॅसवरचा जुना फ्रीज रुसतो. यांना हे सगळं जमवायला पहिल्या दिवशी दोन तास लागले. मी बाहेर उभी राहून वाटीतल्या पाण्याकडे बघत "अजून डावीकडे" म्हणत होते.

पाणी दीडशे लिटर, आणि ते आठवडाभर पुरवायचं. इथल्या बायका मला विचारतात, कसं जमतं गं तुला? तुझ्या आईने दुष्काळात एका हंड्यात काय काय भागवलं ते यांना कुठून माहीत! भाज्या धुतलेलं पाणी भांड्यांना, भांड्यांचं पहिलं पाणी संडासात. आणि ती तिसरी टाकी दर दहा दिवसांनी यांनी रिकामी करायची, हा आमचा लग्नानंतरचा सगळ्यांत पक्का करार आहे.

पहिल्यांदा मोहरी तडतडली तेव्हा धुराचा अलार्म असा बोंबलला की शेजारचे आजोबा आग विझवायचं नळकांडं घेऊन धावत आले. विस्कॉन्सिनचे होते, सैन्यात होते म्हणे. त्यांना आमटी-भात वाढला. दुसऱ्या दिवसापासून फोडणी बाहेर, दगडांच्या आडोशाला. कुकरची तिसरी शिट्टी झाली की ते आपली खुर्ची उचलून यायला लागले. मला माणसं हवी होती ना, तर ती अशी मिळाली.

त्या गावात अजून एक मजा आहे. दफनभूमीत एक दगडी पिरॅमिड, त्याच्यावर तांब्याचा उंट, आणि खाली पुरलाय कोण तर हाजी अली! मुंबईचा नव्हे गं. १८५६ मध्ये अमेरिकन सैन्याने वाळवंटात सामान वाहायला उंट आणून बघितले, त्यांच्याबरोबर आलेला हा उंटवाला. उंटांचा बेत फसला, हा मात्र इथेच राहिला आणि १९०२ मध्ये गेला. इथल्या लोकांना त्याचं नाव उच्चारता येईना, म्हणून दगडावर 'हाय जॉली' कोरलंय. माझ्या नावाचं इथे काय होतं ते तुला ठाऊकच आहे, त्यामुळे मी त्याला दर वर्षी नमस्कार करून येते.

मग एवढं सगळं जमलेलं असताना यंदा नकाशा पुन्हा कशाला पसरलाय? मार्चमध्ये यांना स्टेंट बसवला, ते तुला माहीत आहे. क्वार्ट्झसाइटपासून यूमा ८० मैलांच्या वर आणि फिनिक्स १२५. डॉक्टर जा म्हणाले, हेही जायचंच म्हणतात. माझ्या पोटात मात्र त्या ८० मैलांचा गोळा येतो. रात्री दोन वाजता, त्या माळावर, मी एकटीने काय करायचं? आठ दिवस आमचं यावरून धुसफुसत चाललं होतं. "मग पार्कातच राहू, काँक्रीटवर," असं हे म्हणाले, जणू मी त्यांना वृद्धाश्रमात पाठवतेय.

शेवटी मधली जागा काढली. यूमाच्या वर कोलोरॅडो नदीवर इम्पीरियल धरण आहे, त्याच्या शेजारी तसाच सरकारी माळ. परवाना तोच, १८० डॉलरचा. उंची नगण्य, म्हणून रात्रीही जरा सौम्य. शहरातलं हॉस्पिटल पाऊण तासाच्या आत. नदीपलीकडे सैन्याचा तोफा तपासायचा तळ आहे, त्यामुळे अधूनमधून धडाम ऐकू येतं. आणि गंमत ही, की तो माळ आहे कॅलिफोर्नियाच्या हद्दीत! यांना ते कळलं तेव्हा दोन मिनिटं गप्प होते. मग म्हणाले, "पेट्रोल यूमात भरू."

यूमाचं मला आवडतं ते वेगळंच. वाळवंटात कालव्याच्या पाण्यावर हिरवीगार शेतं. हिवाळ्यात अमेरिका खाते त्यातला जवळजवळ ९० टक्के पाला तिथला. पहाटे सीमेपलीकडून मजूर येतात, वाकून लेट्युस कापतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा नीरा उजव्या कालव्याचा तो गारसर वास नाकात आला. खजूर तर असा मऊ की सुकामेवा म्हणवत नाही. सीमेपलीकडे चालत गेलं की लॉस अल्गोडोनेस, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दातांचेच दवाखाने. आमच्या विम्यात दात बसत नाहीत, तेव्हा यांची कॅप तिथेच, निम्म्याहून कमी पैशात. परत येताना रांग मोठी लागते, तेव्हा खुर्ची नेणार आहे.

दहा तारखेच्या सुमाराला निघू. फ्लॅगस्टाफवरून जवळ पडतं, पण वाटेत बर्फ लागला तर अडकू. म्हणून ओक्लाहोमा, फोर्ट वर्थ, एल पासो असा खालचा रस्ता धरणार, लांब पडला तरी. पाइपांतलं अँटीफ्रीझ टेक्ससमध्ये धुऊन काढायचं, तोवर बाटल्यांचं पाणी.

तुझ्याकडून दोन गोष्टी हव्यात. जयूचा मुलगा डिसेंबरात फिनिक्सला येतोय, त्याच्याबरोबर काळा मसाला पाठव, पण या वेळी डबल पिशवीत. मागच्या वेळी त्याचे सगळे शर्ट तिखट झाले होते. आणि हे सांग, यंदा वाडा आला का मळ्यात? पाऊस लांबला म्हणून त्यांनाही उशीर झाला असेल. आला तर चूल कुठे मांडली, तेवढं बघून ठेव.

तुझी,
मंगल