शेंगदाण्याची ॲलर्जी नुसत्या अहवालावरून ठरवू नये
मा. संपादक,
स. न. वि. वि.

एकाच रक्तनमुन्यातून डझनावारी पदार्थांची ॲलर्जी तपासून देण्याच्या जाहिराती हल्ली सर्रास दिसतात. अहवालात शेंगदाण्यापुढे ‘पॉझिटिव्ह’ छापून आले, की मुलाच्या ताटातून दाण्याचा कूट, चिक्की, साबुदाण्याची खिचडी सारेच बाद होते. पूर्वी कधी त्रास झालेला नसताना एवढ्यावरून असा निर्णय घेऊ नये.

ज्यांना खरोखर ॲलर्जी असते, त्यांच्या शरीरातील ‘टीएच-२’ या टी पेशी (रोगप्रतिकार करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) दाण्यातील प्रथिनांना घातक समजतात; त्यांनी सोडलेल्या इंटरल्युकिन-४ आणि १३ या द्रव्यांमुळे बी पेशी (दुसऱ्या प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आयजीई नावाची प्रतिपिंडे, म्हणजे परक्या पदार्थाला चिकटणारी प्रथिने, बनवतात आणि ती मास्ट पेशी व बेसोफिल या हिस्टामिन साठवणाऱ्या पेशींच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. पुन्हा दाणा पोटात गेला, की त्यातील प्रथिन शेजारच्या प्रतिपिंडांना एकत्र जखडते, पेशी हिस्टामिन हे ॲलर्जीची लक्षणे घडवणारे द्रव्य बाहेर टाकतात आणि बहुधा काही मिनिटांतच अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे, उलट्या, धाप, प्रसंगी रक्तदाब कोसळणे इथवर मजल जाते. नेहमीची रक्ततपासणी यातले फक्त आयजीई मोजते. ते सापडले तरी पेशी भडकतीलच असे नाही, कारण ते परागकणांतील प्रथिनांशी साम्य असलेल्या दाण्यातील एखाद्या सौम्य प्रथिनाविरुद्ध असू शकते. दाण्यातीलच ‘अरा एच २’ या प्रथिनाविरुद्धचे आयजीई मात्र अधिक गांभीर्याने घ्यावे लागते. मँचेस्टरमधील आठ वर्षांच्या मुलांच्या, २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १२ टक्के मुले तपासणीत पॉझिटिव्ह होती. त्यांपैकी प्रत्यक्ष ॲलर्जी असलेल्यांचे प्रमाण अवघे २२ टक्क्यांच्या आसपास निघाले.

विनाकारण पथ्य पाळण्यात काय बिघडते, असे अनेकांना वाटते. लंडनचे डॉ. गिडियन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीव्र इसब किंवा अंड्याची ॲलर्जी असलेल्या ६४० तान्ह्या मुलांवर केलेल्या, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शेंगदाणा वर्ज्य केलेल्यांपैकी १७.२ टक्के मुलांना पाचव्या वर्षी त्याची ॲलर्जी होती. नियमित खाणाऱ्यांत हे प्रमाण ३.२ टक्के होते. तपासणीत आधीच तीव्र प्रतिक्रिया दिसलेली मुले त्या चाचणीत घेतलेली नव्हती, हेही ध्यानात ठेवावे. घरच्या घरी प्रयोग करून पाहण्याची ही बाब नाही. शंका असल्यास ॲलर्जीतज्ज्ञांच्या देखरेखीखाली थोडा थोडा शेंगदाणा देऊन खात्री करून घेता येते.

ज्यांना खरी ॲलर्जी आहे, त्यांनी मात्र कणभरही धोका पत्करू नये. धाप लागली किंवा भोवळ आली तर ॲलर्जीच्या गोळीवर विसंबून न राहता मांडीत ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन तातडीने मिळायला हवे.

प्रयोगशाळांनी अशा प्रत्येक अहवालावर ‘हे निदान नव्हे, डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय आहार बदलू नये’ असे ठळक मराठीत छापावे, आणि आरोग्य विभागाने ते बंधनकारक करावे, ही विनंती.

– जीवशास्त्राची एक शिक्षिका, नाशिक