वायनरी कमी करा, मित्रांना वेळ द्या

संपादक महोदय,
कॅलिफोर्नियातली वाइन कंट्री, म्हणजे नापासारखा द्राक्षमळ्यांचा मुलूख, बघायला जाणारे आपले बरेच लोक दिवसाला पाच-सहा वायनरी (वाइन बनवण्याच्या जागा) उरकतात आणि तिथं राहणाऱ्या जुन्या मित्राला जेमतेम चहापुरते भेटतात, हे मला खटकतं म्हणून लिहितोय. आम्ही तिघं कॉलेजचे दोस्त, वीस वर्षांनी भेटलो. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट ओलांडून निघालो, नापात हायवे 29 ला गर्दी फार म्हणून समांतर जाणारा सिल्व्हराडो ट्रेल घेतला, दोन्ही बाजूंना नुसते मळे, खिडक्या खाली आणि गप्पा काही संपेनात.

नापाच्या वाइनने 1976 साली पॅरिसमधल्या वाइन चाखण्याच्या स्पर्धेत फ्रेंचांना मागं टाकलं ते सगळ्यांना माहीत असतं, पण 2017 च्या ऑक्टोबरमध्ये कॅलिस्टोगाजवळ लागलेली आग एका रात्रीत सांता रोसा शहरापर्यंत पोचली आणि हजारो घरं गेली, हे किती जणांना माहीत आहे? आमच्या मित्राचं घर त्यात गेलं. त्याने फडक्यात गुंडाळलेला पितळेचा गोळा काढून हातात दिला, आईने दिलेली समई होती ती. एका बाजूला वातीची खाच अजून दिसते. बराच वेळ कुणी बोललंच नाही.

आणि एक, गाडी चालवणाऱ्याने टेस्टिंग, म्हणजे वायनरीत वाइन चाखणं, करूच नये. तिथं रक्तात 0.08 टक्के अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा आहे, पण "थोडीशीच घेतली" म्हणत वळणांच्या रस्त्यावर निघणारे मी स्वतः पाहिलेत. आम्ही रोज एकाने न पिण्याची पाळी लावली होती.

- एक वाचक