कथाकथन स्पर्धेत मुलांचं स्वतःचं बोलणं ऐकू येऊ द्या

संपादक महोदय,

कथाकथन स्पर्धांचे दिवस जवळ आले की पालकांची एकच मागणी असते, "टीचर, एक चांगली गोष्ट लिहून द्या, आम्ही पाठ करून घेतो." मुलं पाठ करतातही. हात कुठे उचलायचा, आवाज कुठे चढवायचा, सगळं बसवलेलं असतं. मधेच एखादा शब्द निसटला की मूल गप्प उभं राहतं, कारण त्याला फक्त पुढचं वाक्य ठाऊक असतं, गोष्ट ठाऊक नसते. त्या क्षणी त्याचा चेहरा पाहवत नाही. मी गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते आणि हे थांबावं असं मला मनापासून वाटतं.

लेखनाचंही तेच. 'मुद्द्यांवरून गोष्ट लिहा' म्हटलं की सगळ्या वह्यांत तोच लाकूडतोड्या, तीच सोन्याची कुऱ्हाड आणि खाली तेच तात्पर्य. शुद्धलेखन बरोबर असतं, म्हणून गुणही मिळतात.

माझ्या वर्गातली बहुतेक मुलं घरी कोकणी बोलतात. तिसरीतला एक मुलगा विचारलेल्या प्रश्नाला कधी एका शब्दापलीकडे उत्तर देत नसे. चतुर्थीच्या सुट्टीनंतर मी त्याला विचारलं, तुमच्या माटोळीला कवंडळ कोणी आणलं? (माटोळी म्हणजे गणपतीच्या वर रानफळं-फुलं बांधून सजवलेली चौकट, आणि कवंडळ हे त्यातलं वेलीवरचं रानफळ.) तो उभा राहिला आणि कोकणीतच सुरू झाला, "मामा झाडार चडलो, हांव सकल रावलों..." (मामा झाडावर चढला, मी खाली थांबलो.) वेल उंच गेलेली, मामाने फळ तोडून खाली टाकलं ते थेट ओहोळात, आणि हा कपड्यांनिशी त्याच्यामागे पाण्यात. वर्ग ओरडत होता, "मग? मग?" मी मधे मधे विचारत होते, पाणी कुठपर्यंत होतं? मामा वरून काय म्हणाला? त्याची वाक्यं मी मराठीत फळ्यावर उतरवत गेले. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः वहीचं पान भरून आणलं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं होतं, पण ओहोळ होता, मामा होता, आणि फुटलेलं कवंडळ आईने तरीही माटोळीला बांधलं हेही होतं. त्या पानावर मी लाल शाई वापरली नाही. चुकलेले शब्द नंतर वेगळे घेतले.

आधी सांगणं, मग लिहिणं, एवढंच मला म्हणायचं आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात किमान पाचवीपर्यंत शक्य तिथे घरच्या भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे. लहान मुलांना वाचन-लेखन आणि अंकगणित यावं म्हणून 2021 मध्ये सुरू झालेल्या निपुण भारत अभियानातही मौखिक भाषाविकासाला जागा आहे. प्रत्यक्षात मात्र मूल मिनिटाला किती शब्द वाचतं याकडेच सगळ्यांचं लक्ष. ते किती वेळ आपलं सांगू शकतं, हे कुणी विचारत नाही.

एकाच शिक्षकाकडे अनेक वर्ग, मग वेळ कुठून आणायचा, असं माझे सहकारी म्हणतात. त्यांची अडचण खरी आहे. पण जोडवर्गात एक सोय आपोआप मिळते. पहिलीतल्या मुलाने सांगायचं आणि चौथीतल्याने ते लिहून घ्यायचं. लहान्याची गोष्ट कागदावर येते, आणि मोठ्याला "थांब, कोण पडलं ते नीट सांग" असं विचारावं लागतं. गोष्टीत काय सुटलंय हे त्याला तिथेच कळतं. आमच्याकडे हा तास मुलं चुकवत नाहीत. सत्तरीत देवळासमोर रणमाले हे लोकनाट्य पाहत वाढणाऱ्या मुलांना संवाद नवा नाही, वर्गात तो बोलायची मुभा हवी.

म्हणून स्पर्धा भरवणाऱ्या शाळांना, मंडळांना आणि भागशिक्षणाधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. पहिली ते चौथीच्या गटात पाठ केलेल्या गोष्टीला निम्मेच गुण ठेवा. उरलेल्या गुणांसाठी मुलाच्या हातात एखादं चित्र किंवा वस्तू द्या, घागऱ्यो, आंबाडे अशी माटोळीतली रानफळं, जुनी छत्री, काहीही, आणि त्यावर दोन-तीन मिनिटं बोलू द्या. कोकणी शब्द आला तर गुण कापू नका. गोष्ट संपल्यावर परीक्षकांनी एखादा प्रश्न जरूर विचारावा. हा बदल यंदा निदान केंद्र पातळीवर, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात तरी करून पाहावा.

एक प्राथमिक शिक्षिका,
वाळपई, सत्तरी